मोती, मनी आणि व्हॅक्यूम क्लीनर

आमच्या घरात माणसं सहा, कुत्रा एक आणि मांजर एक. केस गाळायचं काम मोती आणि मनी करतात, बोलणी मात्र मला खावी लागतात! मोती हा पांढराशुभ्र पॉमेरेनियन, धाकट्याने हट्ट करून आणलेला. मनी आपल्या पायांनी आली आणि राहिली.

माळेगाव बुद्रुकला आमचं घर नीरा रस्त्यापासून जरा आत, तीन बाजूंना ऊस. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर रस्त्याला लागतात आणि पुढचे काही महिने धुरळा हा घरातलाच एक माणूस होऊन बसतो. कुणी शेतात पाचट पेटवलं की काजळीही अंगणात उतरते. त्या धुरळ्यात मोतीचे केस मिसळले की दिवाणाखाली कापसाच्या बोळ्यांसारखं जे काही जमतं, ते केरसुणीने पुढे ढकलावं तर मागे उडतं.

हेही चालून गेलं असतं. पण आमच्या सासूबाईंना दमा आहे. एका थंडीत रात्री दोन वाजता त्यांना गाडीत घालून बारामतीला न्यावं लागलं. डॉक्टरांनी औषध दिलं, ओढायचा फवारा दिला आणि विचारलं, "घरात कुत्रं-मांजर आहे का?" आमच्या ह्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "एक तर ते कुत्रं राहील, नाही तर मी." धाकटा त्या दिवशी जेवला नाही. मधे मी! म्हातारीचा श्वास एका बाजूला, पोराचं मन दुसऱ्या बाजूला. मग भिशीचे पैसे काढले आणि व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा ठरवला.

पहिलं यंत्र माळ्यावर गेलं, त्याची गोष्ट

दारावर एक विक्रेता आला होता. बोलण्यात गोड. त्याने आमच्या सतरंजीवर मूठभर साबुदाणा आणि कणीक टाकली आणि यंत्र फिरवलं. दोन मिनिटांत सतरंजी लख्ख! "सोळाशे वॉट आहे ताई, पूर्ण ताकद," तो म्हणाला. मी भुलले. मैत्रिणींनो, साबुदाणा उचलणं सोपं असतं हो! तो वर वर पडलेला असतो. मोतीचा केस सतरंजीच्या विणीत शिरून बसतो, सुतासारखा.

पहिल्या आठवड्यातच कळलं. केस नळीत जाण्याऐवजी ब्रशाच्या रुळाला गुंडाळले जायचे. यंत्र सुरू केलं की खोलीत ओल्या कुत्र्याचा वास सुटायचा. आणि सासूबाई म्हणायला लागल्या, "सूनबाई, तुझं ते यंत्र सुरू झालं की माझी छाती घरघरायला लागते बघ." मला वाटलं, उगीच म्हणतात. म्हणून एकदा खिडकीतून उन्हाची तिरीप आत येत असताना यंत्र चालवलं आणि मागे बघितलं. पुढून ओढलेली धूळ मागच्या जाळीतून धुरासारखी बाहेर पडत होती! सासूबाई खरं बोलत होत्या. ज्यांच्यासाठी यंत्र आणलं, त्यांनाच ते धूळ पाजत होतं.

पुढे रूळ फिरवणारा पट्टा तुटला. तेव्हा समजलं की त्या यंत्राचा पट्टा बारामतीत काय, पुण्यातही मिळत नाही. विक्रेत्याचा फोन लागेना. यंत्र माळ्यावर गेलं, तिथे ते आजही आहे.

पाण्याची मोटर घेताना काय विचारतो?

तेव्हा आमचे हे एक वाक्य बोलले, ते मी गाठीला बांधून ठेवलंय. म्हणाले, "विहिरीवरची मोटर घेताना आपण आधी काय विचारतो? रिवाइंडिंग कोण करून देईल आणि पार्ट कुठे मिळेल. मग घरातल्या मोटरला का नाही विचारलं?"

खरंच की! या भागात लहान पोरालाही माहीत असतं की नुसत्या हॉर्सपॉवरवर मोटर घेत नाहीत. पाणी सोडायच्या दिवशी मोटर जळली तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन आली पाहिजे. व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे तरी काय, एक मोटरच. आतला पंखा वेगाने फिरून हवा खेचतो आणि हवेबरोबर धूळ येते. खेचलेली हवा कुठून तरी बाहेर जाणारच. ती जाताना धूळ मागे राहते की नाही, हाच सगळा प्रश्न.

या यंत्राच्या जन्माची कथाही मला भारी आवडते. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने हवा ओढणारं यंत्र केलं. त्याआधी धूळ फुंकून उडवणारी यंत्रं होती. बूथला वाटलं, फुंकण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? त्याचं यंत्र इतकं अवाढव्य की ते घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि नळ्या खिडकीतून घरात जायच्या. पण आपल्या हातात मावणारं यंत्र केलं ते अमेरिकेतल्या कँटन गावच्या जेम्स मरे स्पँगलर याने. तो एका दुकानात झाडलोट करायचा आणि त्याला दम्याचा त्रास होता. गालिचे झाडताना धाप लागायची, म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि पिशवीच्या जागी उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं. पुढे ते हूवर कुटुंबाने घेतलं आणि जगभर नेलं. म्हणजे हे यंत्र मुळात एका दमेकऱ्यानेच शोधलेलं आहे! दमेकऱ्याच्या घरी ते कसं असावं, हे निवडताना विसरून चालायचं नाही.

आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर घरोघरी पोचवला तो १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या टाय लावून दारोदार फिरणाऱ्या मुलांनी. आता दुकानात गेलं की दहा कंपन्यांची यंत्रं ओळीने मांडलेली असतात आणि डोकं चक्रावतं. म्हणून दुसऱ्या खेपेला मी चिठ्ठीवर प्रश्न लिहून नेले. तेच इथे देते.

पहिला प्रश्न : हवा बाहेर कुठून आणि कशी जाते?

घरात दम्याचं किंवा सतत शिंकणारं माणूस असेल तर हा प्रश्न सगळ्यांत आधी. आपण केसांवर राग काढतो, पण त्रास खरा केसांचा नसतो. जनावराच्या कातडीचा कोंडा, लाळ आणि अंगावरचा तेलकटपणा यांत जे सूक्ष्म कण असतात, ते बाधतात. केस डोळ्यांना दिसतात, हे कण दिसत नाहीत आणि हवेत तासन् तास तरंगतात.

ते अडवायला 'हेपा' नावाची गाळणी असते. खरी हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा! पण खोक्यावर 'हेपासारखी' असं लिहिलं असेल तर ती हेपा नव्हे. शिवाय गाळणी चांगली असून यंत्राची झाकणं सैल असतील तर हवा फटीतून निसटते. म्हणून झाकणाला रबर आहे का, ते घट्ट बसतं का, हे हाताने दाबून बघा.

दुसरा प्रश्न : पिशवी की डबा?

डब्याच्या यंत्राला पिशवीचा खर्च नाही, हे खरं. पण डबा झटकताना धुळीचा लोट तोंडावर येतो. पिशवीच्या यंत्रात धूळ आतच बंद राहते, पिशवी तशीच उचलून टाकायची. दम्याच्या घराला पिशवी बरी. मात्र त्या मापाची पिशवी नेहमी मिळते का आणि केवढ्याला, हे आधी विचारा. डब्याचंच घेतलंत तर डबा अंगणात, वाऱ्याची दिशा बघून रिकामा करा आणि ते काम दमेकरी माणसाला देऊ नका.

तिसरा प्रश्न : वॉट किती, यापेक्षा ओढ किती?

वॉट म्हणजे यंत्र किती वीज खातं ते. किती काम करतं ते नव्हे! खादाड गडी कामाला चांगला असतोच असं नाही. युरोपात २०१७ पासून ९०० वॉटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणायला बंदी आहे आणि तिथली घरं काही अस्वच्छ राहिलेली नाहीत. तेव्हा आकड्यावर जाऊ नका, समोर चालवून बघा.

आणि घरातला प्लग बघा. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर सुमारे १३८० वॉटपर्यंतच भार घेता येतो. त्यापुढच्या यंत्राला १६ अँपिअरचा पॉवर प्लग हवा. बहुतेक घरांत तो स्वयंपाकघरात नाही तर गिझरजवळ असतो आणि साफ करायची असते बाहेरची खोली! वायर किती लांब आहे, हे मापूनच घ्या. विजेची धास्ती मात्र नको. १४०० वॉटचं यंत्र वीस मिनिटं चाललं तर अर्ध्या युनिटच्या आत भागतं.

चौथा प्रश्न : केस गुंडाळले तर काय करायचं?

सतरंजी, गालिचा, गादी यांतले केस निघायला फिरणारा ब्रश लागतो. नुसत्या तोंडाने ते निघत नाहीत. सोफ्यासाठी छोटा फिरता ब्रश असेल तर फारच चांगलं. पण त्याचा रूळ हाताने सोडवून बाहेर काढता आला पाहिजे, म्हणजे कात्रीने केस कापून काढता येतात. स्क्रू काढायला लागत असतील तर तुम्ही ते दोनदा कराल, तिसऱ्यांदा करणार नाही. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून मात्र चपटं, अरुंद तोंड लागतं.

बिनवायरीची यंत्रं हलकी आणि जिन्यावर सोयीची. पण बॅटरी काही वर्षांत उतरते. नवी बॅटरी मिळते का, केवढ्याला, हे पावतीआधी विचारा. आपोआप फिरणारा यंत्रमानव सपाट फरशीवरचे रोजचे केस गोळा करतो, पण आपल्या उंबरठ्याला अडतो आणि गादी-सोफ्याला त्याचा उपयोग नाही. पिल्लू घरात घाण करत असेल तर त्याला एकटं सोडूच नका. ती घाण तो घरभर सारवून ठेवील!

पाचवा प्रश्न, सगळ्यांत मोठा : बिघडलं तर कोण बघणार?

दुकानदाराला सरळ विचारायचं, "दुरुस्तीचं केंद्र कुठे आहे? पत्ता सांगा." मी दुकानातूनच त्या केंद्राला फोन लावला आणि विचारलं, "या मॉडेलचा पट्टा, गाळणी, पिशवी आणि मोटरचे कार्बन आहेत का? आत्ता, कपाटात?" हे कार्बन झिजतात आणि बदलावे लागतात, मोटर रिवाइंडिंगवाल्याला ते पाठ असतं. एका मॉडेलबद्दल उत्तर आलं, "मागवून देऊ." मी ते खाली ठेवलं. दुसऱ्याबद्दल केंद्रातल्या मुलाने किमतींसकट सांगितलं. ते दिसायला साधं होतं, वॉटही कमी होते. तेच घेतलं.

जाताना मी पिशवीत सतरंजीचा जुना तुकडा आणि मोतीचे विंचरलेले केस नेले होते. दुकानातला मुलगा हसला. मी केस तुकड्यावर टाकले, चपलेने रगडले आणि म्हटलं, "आता काढून दाखवा." चार यंत्रांपैकी दोघांनीच काढले. मैत्रिणींनो, लाजू नका. पैसे आपले आहेत.

पक्की पावती घ्या, वॉरंटीच्या कार्डावर तारीख नि शिक्का घ्या. माल सदोष निघाला आणि कुणी दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. पहिल्या यंत्राची मी पावतीच घेतली नव्हती. म्हणून हे कळकळीने सांगते.

वापरताना

यंत्र हळू फिरवा. एका जागेवरून उभं आणि आडवं, असं दोनदा. घाईने फिरवलं तर केस वर येत नाहीत. दमेकरी माणसाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत किंवा ओट्यावर बसवा आणि नंतर थोडा वेळ खिडक्या उघड्या ठेवा.

रांगोळी, राखुंडी, उदबत्तीची राख यंत्राने ओढू नका. बारीक भुकटीने गाळणी बुजते. गरम राख तर अजिबात नको, पिशवी पेटते. ओलं ओढायचं यंत्र वेगळं असतं, साध्यात पाणी गेलं की मोटर गेली. धुवायची गाळणी धुतलीत तर ती पुरती, निदान एक दिवस सावलीत वाळवूनच बसवा. वास सुटतो तो ओल्या गाळणीचा.

पिसवा झाल्या असतील तर यंत्रासारखा मित्र नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात २००७ साली तपासून पाहिलं तेव्हा यंत्रात ओढल्या गेलेल्या मोठ्या पिसवांपैकी सरासरी ९६ टक्के मेल्याचं आढळलं, आणि लहान अवस्थेतल्या तर सगळ्याच. जनावर झोपतं ती जागा, दिवाणाखाली, भिंतीच्या कडा रोज साफ करा. बाकी औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका, ते विषारी ठरू शकतं.

यंत्राच्या आवाजाला जनावरं बिचकतात. आम्ही आधी चार दिवस बंद यंत्र खोलीत ठेवलं, मग दुसऱ्या खोलीत चालू करून मोतीला भाकरी घातली. आता तो लांब बसून बघतो. मनी मात्र अजून माळ्यावर पळते, जुन्या यंत्रापाशी!

यंत्राने जे होत नाही ते

एक गोष्ट स्पष्ट सांगते. दमा यंत्राने जात नाही. डॉक्टरांनीच मला समजावलं की त्रास होत असेल तर जनावर घरात नसणं हाच खरा उपाय. आणि मांजर बाहेर काढलं तरी तिचे कण घरात चार-सहा महिने टिकतात. त्यामुळे यंत्र आणलं, आता सगळं झालं, असं समजून औषध बंद करू नका. फवारा वेळच्या वेळी हवाच.

मग आम्ही मधला मार्ग काढला. सासूबाईंची खोली मोती-मनीला बंद, दार लावलेलं. त्यांच्या गादीवरची चादर नि उशीचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात. मोतीला रोज संध्याकाळी अंगणात विंचरायचं, घरात नाही. अंगणात निघालेला केस घरात येतच नाही, म्हणजे यंत्राचं अर्धं काम तिथेच होतं. हे विंचरणं धाकट्याकडे. कुत्रा त्याने आणला, तर केसही त्याने काढायचे. आणि रविवारी यंत्र फिरवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. मोटरीतलं त्यांना जास्त कळतं, असं तेच म्हणाले होते ना!

ती थंडी गेली, पुढचीही गेली. सासूबाईंचा दमा आहे. थंडीत खोकला होतोच. पण रात्री दोन वाजता गाडी काढावी लागली नाही. डॉक्टर म्हणतात, नीट चाललंय, पण लक्ष ठेवा. पुन्हा त्रास वाढला तर मोतीला धाकट्याच्या मामाकडे ठेवायचं, हेही आम्ही धाकट्याला बसवून सांगितलंय. त्याने ते कबूल केलं. म्हणून तो विंचरायला एक दिवसही चुकत नाही.

परवा मी स्वयंपाकघरातून बघत होते. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या आणि मोती खाली पायरीवर, दोघांमध्ये चांगलं दोन हात अंतर. कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी भाकरीचा तुकडा खाली टाकला. मग माझ्याकडे लक्ष गेलं तशा म्हणाल्या, "काय बघतेस? त्याने अंगण घाण करून ठेवलंय, ते आधी झाड." अंगणाला अजून केरसुणीच लागते, मैत्रिणींनो. मी केरसुणी घेतली आणि झाडायला लागले.